ताट कुणाच्या भरवशावर?

सहलीच्या गावात जेवायची जागा निवडणे हा शहरातल्या हॉटेल-निवडीपेक्षा वेगळा व्यवहार आहे. शहरात गिऱ्हाईक नाराज झाले तर पुन्हा फिरकत नाही आणि त्याचे न फिरकणे मालकाला महिन्याभरात जाणवते. माथेरान, जव्हार किंवा केळवे-माहीमला आलेला पाहुणा फसला काय आणि तृप्त झाला काय, तो बहुधा परत येणारच नसतो. मुक्काम दोन दिवसांचा, जेवणे चार किंवा पाच, गाव अनोळखी आणि बरोबर भुकेली मुले. पालघर तालुक्यात माहीम आणि त्याला लागून असलेल्या केळव्याला हा प्रश्न दर शनिवारी दुपारी पडतो. पालघर जिल्ह्याच्याच डोंगरात, जव्हारला, तो धबधबे वाहू लागले की पडतो. त्यावरचे दोन पक्ष पुढे मांडले आहेत: एक शंकेखोराचा, दुसरा हौशीचा.

शंकेखोर: राहायचे तिथेच जेवावे, हा जुना नियम आहे आणि तो आळशी माणसांनी केलेला नाही. माथेरानचे उदाहरण घ्या. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये तो डोंगर हेरला, १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर गेली, पण मोटारींना आजही दस्तुरी नाक्यापाशीच थांबावे लागते. तिथून पुढे भाजी, दूध, पीठ, गॅसची टाकी, सगळे घोड्यावर नाहीतर हातगाडीवर. ज्या मालकाकडे चाळीस पाहुणे उतरले आहेत तो चाळीस माणसांचे सामान वर चढवतो. त्याला आकडा ठाऊक असतो. म्हणून तिथल्या हॉटेलांत राहणे आणि दोन्ही वेळचे जेवण एकाच भाड्यात धरण्याची पद्धत रुजली. बाहेर हिंडून ‘बघू कुठे मिळते’ म्हणणारा पाहुणा कोणीतरी अंदाजाने चढवून ठेवलेल्या मालावर जेवतो. तो माल कालचा की परवाचा हे फक्त हातगाडीवाला सांगू शकतो. शिवाय ज्याच्या छपराखाली रात्र काढायची आहे त्याला पाहुण्याचे पोट बिघडून चालत नाही. रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला पोट बिघडल्याचे कळतसुद्धा नाही.

हौशी: माथेरानचा न्याय माहीमला लावता येत नाही. माथेरानला अन्न वर चढवावे लागते. माहीम-केळव्याला ते दाराशी उगवते. नारळ-सुपारीच्या वाड्या, केळी, पानवेलीचे मळे, भाजीचे वाफे, आणि चालत जाण्याच्या अंतरावर वडराईचा कोळीवाडा. थोडे उत्तरेला शिरगाव आणि सातपाटी. असे असताना पॅकेजच्या ताटात काय येते? पनीर, मिश्र भाजी, पिवळी डाळ, गुलाबजाम. भात असतो, पण तो शेजारच्या वाडा तालुक्याचा कोलम आहे की आणखी कुठला, हे वाढणाऱ्यालाही ठाऊक नसते. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा पॅकेजच्या स्वयंपाकघराला पत्ता नाही. सामिष हवे असेल तर फळ्यावर ‘मालवणी थाळी’ लिहिलेली असते. मालवण इथून पाचशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला आहे. माहीमला वाडवळ आहेत, भंडारी आहेत, मांगेले आहेत. पूर्वेला सरकत जावे तसे आगरी, कुणबी, वारली. यांतल्या प्रत्येक घरचा मसाला वेगळा, वाटप वेगळे, आंबटाला काय घालायचे तेही वेगळे. हिवाळ्यात वालपापडी, कोनफळ, रताळी एकत्र मडक्यात शिजवून वाडवळ घरांत उकडहंडी होते. ज्या माहीमच्या नावाने इंग्रजी अमलात अख्खा तालुका ओळखला जाई, त्या माहीमला दोन रात्री राहून माणूस अंधेरीत मिळते तेच जेवून परत जातो. मग यायचे कशाला?

शंकेखोर: समुद्रासाठी, सुरूच्या बनासाठी, शीतलादेवीच्या दर्शनासाठी, मुलांना वाळूत सोडण्यासाठी. जेवण हा सहलीचा हेतूच असला पाहिजे, असे कुठे लिहिले आहे? पण तो मुद्दा बाजूला ठेवू. ‘मालवणी’ची पाटी कुणी लावली याचा विचार करा. गावकऱ्याने ती आपल्या मनाने लावलेली नाही. मुंबईच्या पाहुण्याला समुद्रकाठच्या जेवणाचा एवढा एकच शब्द येतो, म्हणून त्याच्यासाठी लावली. सोलकढी नसेल तर तो विचारतो, सोलकढी का नाही? वाडवळी म्हटले तर विचारतो, ते काय असते? तेव्हा पाटीची चूक धरायची तर ती पाहुण्याच्या शब्दसंग्रहाची धरा. आणि ‘घरगुती’ या शब्दाचेही तसेच. ज्या घरात पाहुण्याला पापलेट तळून वाढतात त्या घरात त्या दिवशी जवळ्याची चटणी, मांदेलीचे कालवण किंवा वालाची भाजी असते. पाहुण्याला घरचे जेवण मिळत नाही. घरात शिजवलेले हॉटेलचे जेवण मिळते. दोन्हींत फरक एवढाच की एका ठिकाणी टेबल आहे आणि दुसरीकडे पडवी.

हौशी: पडवीचा फरक लहान नाही, पण मुद्दा मान्य. पाहुणा पापलेट मागतो म्हणून पापलेट शिजते.

शंकेखोर: आणि त्या मागण्याची किंमत समुद्र देतो. सातपाटी हे पापलेटचे बंदर म्हणून ओळखले जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. त्याच वर्षी राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, कारण पिल्ले वाढण्याआधीच जाळ्यात येत होती. आता दोन माणसांच्या ताटात ‘एकेक अख्खे पापलेट’ वाढायचे आणि ताटाचा भावही आटोक्यात ठेवायचा, तर मासा कुठल्या आकाराचा घ्यावा लागेल? मोठा मासा मुंबईला आणि परदेशी जातो. ताटात बसेल असा लहान मासा पाहुण्याला मिळतो. तो खाऊन पाहुणा म्हणतो, स्थानिक खाल्ले.

पापलेटच्या या एका प्रश्नावर हौशी पक्ष थोडा मागे सरतो, आणि मागे सरल्यामुळेच त्याची मांडणी सुधारते. जागा आधी निवडायची की पदार्थ, हा क्रम तो उलटा करतो.

हौशी: मग ‘कुठे जेवायचे’ हा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न, ‘आज काय आले आहे?’ या किनाऱ्यावर डोल जाळी प्रवाहावर चालतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाण्याला ओढ असते, डोलीत बोंबील, जवळा, मांदेली भरून येते. मधल्या दिवसांत भांग असते, ओढ कमी, मासळी कमी. रविवार दर आठवड्याला येतो, उधाण पंधरवड्याला. त्यामुळे काही रविवारी गावात ताजी मासळी भरपूर असते आणि काही रविवारी ती जेमतेम असते, पण हॉटेलच्या छापील यादीत दोन्ही रविवारी तेच चाळीस पदार्थ असतात. ही यादी आणि तो समुद्र यांतली तफावत बर्फाची पेटी भरून काढते. म्हणून जेवायची जागा पारखायची सोपी रीत अशी: आज काय आहे असे विचारावे. उत्तर ‘सगळे आहे’ असे आले तर पुढे चालू लागावे. ‘बोंबील आहे, करंदी आहे, पापलेट नाही’ असे आले तर बसावे. बोंबलाचे नाव मुद्दाम घेतो. त्याच्या अंगात पाणीच फार, बर्फात तो टिकाव धरत नाही, तासातासाला ढिला पडतो. ताजा बोंबील वाढणाऱ्याला लबाडीला फारशी जागा उरत नाही. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रबंदी असते, तेव्हा ‘ताजी सुरमई’ म्हणणाऱ्याकडे हसून बघावे. त्या दोन महिन्यांत जे घर सोडे, सुकट आणि वाळवलेले बोंबील सांगते ते घर खरे बोलते. आषाढातल्या पावसात तांदळाची गरम भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण हे ताज्या पापलेटपेक्षा दुय्यम आहे, असे ज्याला वाटते त्याने ते खाल्लेले नाही.

शंकेखोर: हे सगळे ज्याला डोल आणि भांग ठाऊक आहे त्याचे शहाणपण झाले. प्रश्न अनोळखी माणसाचा आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचा दोष ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही वाईटाचाच भाव देतो, आणि हळूहळू चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. सहलीच्या गावातल्या ताटांचे हेच होते. बोंबील सकाळचा आहे की गुरुवारचा हे पाहुण्याला ओळखता येत नसेल, तर सकाळचा आणणाऱ्याला जास्तीचा पैसा कोण देणार? चार रविवार तोटा सोसून तोही बर्फाची पेटी घेतो.

हौशी: म्हणून तर लोक एकमेकांना सांगतात, तारे देतात, शेरे लिहितात.

शंकेखोर: ताऱ्यांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायर कंपनीने १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून चांगल्या जेवणाच्या ठिकाणांना तारा द्यायला सुरुवात केली. पुढे तीन ताऱ्यांचा अर्थ ठरला, केवळ या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करून यावे असे ठिकाण. लोक लांबलांब गाडी चालवत जेवायला गेले की टायर झिजतात, एवढे त्या कंपनीला समजत होते. पण तिने निनावी, जाणकार तपासनीस तरी ठेवले. आजचे शेरे शनिवारी आलेला आणि रविवारी जाणारा माणूस लिहितो. तो लिहितो काय? झोपाळा छान, वाढायला उशीर, फोटोला जागा चांगली. उशीर झाला कारण भाकरी आयत्या वेळी थापली, हे त्याला कळत नाही. त्याच्या लेखी तो दोष. म्हणजे जी गोष्ट ताजेपणाची खूण, तिनेच तारा कमी होतो. त्यापेक्षा एक साधा नियम बरा. ज्याला उद्याही तेच गिऱ्हाईक हवे आहे त्याच्याकडे जेवावे. समुद्रकाठी जेवू नये, पालघर स्टेशनाजवळ जेवावे, बोईसरला जेवावे. तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरभोवती औद्योगिक वसाहत पसरली, कामाला दूरदूरची माणसे आली. तिथला खानावळवाला महिन्याचे डबे आणि महिन्याची ताटे यांवर जगतो. आमटी एक दिवस बिघडली तर दुसऱ्या दिवशी पन्नास तोंडे त्याला जाब विचारतात. पाहुण्याने अशा पन्नास तोंडांच्या आडोशाला बसावे.

हौशी: नियम शहाणा आहे आणि पोटाला सुरक्षितही आहे, पण तो नेमका चुकीच्या ताटाकडे नेतो. बोईसरच्या खानावळीत रोज जेवणारा माणूस कुठला? ओडिशाचा, बिहारचा, आंध्रचा, खानदेशचा. खानावळवाला त्याला त्याच्या गावची चव द्यायची धडपड करतो. ते अगदी प्रामाणिक जेवण आहे, आणि बोईसरचे खरे जेवण तेच, असेही कुणी म्हणू शकेल. पण माहीमचे ते नव्हे. जव्हारला हा पेच आणखी स्पष्ट दिसतो. तिथे एस.टी. स्थानकापाशी, बाजारात रोजचे गिऱ्हाईक असलेली हॉटेले आहेत. कचेरीच्या कामाला आलेली माणसे, बाजाराला उतरलेले पाड्यावरचे लोक तिथे बसतात. खातात काय? वडापाव, मिसळ, भजी, हल्ली शेजवान भात. नाचणीची भाकरी, उडदाचे घट्ट वरण, वरईचा भात त्यांतला कोणी मागत नाही, कारण ते घरी असते. रोज घरी मिळणाऱ्या गोष्टीसाठी पैसे कोण मोजेल? म्हणजे गावकरी बाहेर खातो ते गावचे नसते, आणि गावचे असते ते बाहेर मिळत नाही. गावकऱ्यांमागोमाग जाणाऱ्या पाहुण्याला गावचे जेवण सापडणार नाही.

शंकेखोर: न सापडले तर बिघडले काय?

हौशी: पहिल्या पावसानंतर जव्हार-मोखाड्याच्या रानात शेवळी येते, मग टाकळा, कुरडू, लोत, भारंगी, करटोली. शेवळी नुसती शिजवली तर घसा खाजतो. तिला काकडाची फळे लागतात, आणि किती लागतात ते हाताला माहीत असावे लागते. ही भाजी वर्षातून काही आठवडेच. हॉटेलवाला तिच्या वाटेला जाणार नाही, कारण निवडायला वेळ फार आणि एका ताटाने घसा खाजला की नाव गेले. ती एकाच रीतीने मिळते: आदल्या दिवशी पाड्यावरच्या एखाद्या घरी सांगून ठेवायचे, उद्या चार माणसे येतो, जे असेल ते करा. माहीमलाही तेच. वाडीतल्या घरी आदल्या रात्री फोन करायचा. उकडहंडी काही अर्ध्या तासात होत नाही. डोंगर असो की किनारा, या गावांत चांगले जेवण निवडायचे नसते, सांगायचे असते. जेवायची जागा तुम्ही भूक लागल्यावर शोधायला निघालात म्हणजे उशीर झालेला असतो. मग उरते फक्त बर्फाची पेटी आणि पनीर.

शंकेखोर: आता तुम्ही स्वतःच माथेरानच्या चाळीस पाहुण्यांपाशी आलात. आकडा आधी ठाऊक असला तर जेवण चांगले होते, एवढेच माझे पहिले म्हणणे होते. फक्त मी आकडा हॉटेलला सांगत होतो, तुम्ही तो एखाद्या घराला सांगता. मग पुढचा हिशेब करू. समजा घराला बारा माणसे सांगितली. घरातली बाई पहाटे बंदरावर किंवा बाजारात गेली, बारा माणसांची मासळी घेतली, नारळ खोवले, वाटप काढले, पीठ मळले. दुपारी एक वाजता फोन येतो, आम्ही सातजणच आहोत, मुलांनी किनाऱ्यावर मॅगी खाल्ली. किंवा फोन येतच नाही आणि लावला तर लागत नाही. पाच ताटांचा खर्च कुणाच्या अंगावर? मोठ्या रिसॉर्टमध्ये दीडशे पाहुण्यांत पाच माणसांचे कमी-जास्त विरून जाते. उरलेले संध्याकाळच्या जेवणात फिरवता येते. घराला ते विरघळवायला जागा नसते. बारांतले पाच गेले की दिवसाची कमाई गेली. वर तिचा रविवार गेला तो वेगळाच, तो तर कुणी मोजतच नाही. तुमच्या ताज्या ताटात जी चव आहे ती दुसऱ्याच्या अनिश्चितीवर शिजलेली आहे.

हौशी: म्हणून आगाऊ पैसे द्यावेत.

शंकेखोर: देतात का? मुंबईहून निघालेले कुटुंब हॉटेलच्या खोलीचे आगाऊ पैसे बिनतक्रार भरते, पण जेवणाचे म्हटले की अवघडते. ‘तिथे गेल्यावर बघू.’ खोली रिकामी राहिली तर नुकसान होते हे त्याला पटते. रांधलेले ताट रिकामे राहिले तर होते हे पटत नाही. आणि ते पैसे भरले की निवडीचा हक्क गेला. समोर जे येईल ते खायचे. सुटीवर आलेल्या माणसाला सर्वांत प्रिय असतो तो मन बदलण्याचा हक्क. छापील यादीतले चाळीस पदार्थ त्या हक्काचे आश्वासन आहेत, आणि ते आश्वासन बर्फ पाळतो.

हौशी: बर्फाला एवढे दूषण देऊ नका, तो शब्द आधी मीच वापरला असला तरी. नीट मांडले तर इथे धोका बसायला तीनच जागा आहेत. तो पाहुण्याच्या खिशात बसेल: आधी पैसे द्या, येईल ते खा. तो रांधणाऱ्या घरात बसेल: अंदाजाने शिजवा, उरले तर सोसा. किंवा तो पेटीत बसेल: आधी साठवा, मागितल्यावर काढा, आणि तेव्हा चव सोसते. रिसॉर्ट, घर, हॉटेल ही जागांची नावे आहेत. खरा फरक धोका कुठे बसतो यात आहे. मी आतापर्यंत पडवीतले जेवण चांगले आणि पेटीतले वाईट असे म्हणत होतो. त्यापेक्षा असे म्हणावे की पडवीतले जेवण चांगले व्हायचे असेल तर पाहुण्याने आपल्या वाटणीचा धोका उचलला पाहिजे. तो न उचलता ‘घरगुती’ मागणारा माणूस पेटीवाल्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

शंकेखोर: तरीही सगळ्यांना तो उचलता येत नाही. बरोबर मधुमेहाची आजी आहे, मासे न खाणारी सून आहे, फक्त दहीभात खाणारे पाच वर्षांचे मूल आहे. यांना ‘येईल ते खा’ म्हणता येत नाही. वाडवळ किंवा मांगेल्याच्या घरात एका दिवशी एक कालवण, एक सुके, भात-भाकरी होते. तिथे पाच जणांच्या पाच तऱ्हा सांगणे हा त्या घरावर अन्याय आहे. माथेरानच्या कित्येक जुन्या हॉटेलांत ताट शाकाहारी का राहिले? येणाऱ्यांत गुजराती-मारवाडी कुटुंबे पुष्कळ, आणि सगळ्यांना चालेल असे ताट एकच असते, कुणालाच न खटकणारे. मिश्र कुटुंबाला पनीर लागते ते चवीसाठी नाही, भांडण टाळण्यासाठी.

हौशी: हे मात्र खोडता येत नाही. दोन मित्र आले तर पाडा, तीन पिढ्या आल्या तर पॅकेज.

शंकेखोर: तशीही विभागणी नको. पॅकेजची फळी मीही फार मजबूत मानत नाही. त्यात न खाल्लेल्या जेवणाचे पैसे पाहुणा देतो, हे एक. दुसरे, फाटकाच्या आत जेवण झाले की गावाला त्यातले फारसे काही मिळत नाही. गावाच्या रस्त्यावर गाड्या, किनाऱ्यावर बाटल्या, आणि पैसा फाटकाच्या आत. स्वच्छतेचे म्हणाल तर अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे, त्याखाली लहानसहान खाद्यव्यावसायिकालाही नोंदणी लागते. चार ताटे वाढणाऱ्या घरापर्यंत ती पोचली असेल तर माझा पोटाचा आक्षेप बराच उतरतो. राज्य सरकारची निवास-न्याहारी योजना आहे, पण तिच्या नावातच न्याहारी आहे. अडचण दुपारच्या ताटाची आहे.

हौशी: आणि मासळीच नसेल तर कुठलीच योजना उपयोगाची नाही. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झाली. या किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याला अनेक वर्षे विरोध करत आले आहेत, कारण त्यांच्या मते जाळी टाकायची जागाच जाते. तो धोका पाहुण्याच्या खिशात मावणारा नाही, घराच्याही नाही. पण तो वाद वेगळा. आजच्या पुरते बोलू. बुधवारी दुपारी एक वाजता कुणी न सांगता जव्हारला उतरले, तर तुमचा सल्ला काय?

शंकेखोर: स्थानकाजवळ, जिथे चार माणसे आधीच बसली आहेत तिथे मिसळ खावी. तुमचा?

हौशी: तीच मिसळ खावी, आणि खाता खाता मालकालाच विचारावे, उद्या भाकरी-भाजी कोण करून देईल.

शंकेखोर: उद्या तो पाहुणा निघालेला असतो. दोन दिवसांच्या सहलीत पहिल्या दिवशी विचारायचे, दुसऱ्या दिवशी जेवायचे, म्हणजे तुमची रीत पाचांपैकी एका जेवणाला लागू पडते. उरलेल्या चारांचे काय?

हौशी: ती तुमच्या रीतीने जेवावीत. एवढी वाटणी मला मान्य आहे. पण ते एक ठरवताना फोनवर नीट आकडा सांगावा. लोक सांगतात, ‘सहा-सात जण’. सहा आणि सात यांत एक मासा आणि दोन भाकऱ्यांचा फरक असतो.

शंकेखोर: सात सांगितले आणि सहा आले तर?

हौशी: सातव्याचे पैसे सहांनी द्यायचे.

शंकेखोर: आणि आठ आले तर?

हौशी: कालवण आठांत वाटले जाईल, थोडे पातळ होईल. भाकऱ्या मात्र पुन्हा थापाव्या लागतील.

शंकेखोर: कोण थापणार, ते मी विचारत नाही.